कॉर्नासचा तुरटपणा

सिंगापूरमध्ये सप्टेंबर आला हे अंगावरून कळत नाही. ऊन तेच, दुपारची सर तीच, शेजारच्या एअरकॉनचं ठिबकणारं पाणी तेच. दुकानांत चिनी सणाच्या गोड मूनकेकचे डबे रचले जातात, मी राहते त्या तोआ पायोह वस्तीच्या चौकात कागदी कंदील टांगले जातात. एखाद्या वर्षी समुद्रापलीकडून जंगलाचा धूर येतो आणि सकाळी खिडकी उघडली की जळक्या पाल्याचा वास घरभर होतो. एवढ्याच खुणा. माझ्याकडे आणखी एक आहे. या महिन्याच्या सुरुवातीला मला एक ईमेल येतं, वाईन आयात करणाऱ्या एका छोट्या दुकानाचं. विषयाच्या ओळीत दरवर्षी तेच असतं: कॉर्नासमध्ये तोडणी सुरू झाली.

यंदाचं मंगळवारी आलं. मी कामावर होते. एका बातमीसंस्थेच्या डेस्कवर मी सकाळच्या शिफ्टला इतरांनी लिहिलेल्या बातम्यांची कॉपी तपासते. दोन बातम्यांच्या मध्ये ते ईमेल उघडलं. सोबत फोटो होता: उभा चढ, दगडी ताली, त्यांवर द्राक्षाच्या वेली, आणि वाकलेली चार-पाच माणसं. चेहरे दिसत नव्हते.

कॉर्नास हे फ्रान्सच्या आग्नेय भागात ऱ्होन नदीच्या काठी वसलेलं गाव आहे. मी तिथे गेलेले नाही. हे गाव जिच्यामुळे मला माहीत झालं, तीही गेलेली नाही. तरी एका पावसाळ्यात आम्ही दोघींनी त्याचा नकाशा इतका पाठ केला होता की तोआ पायोहमधला पोस्टाचा रस्ता विचारला असता तर कदाचित जास्त वेळ लागला असता.

पावसाळा म्हणजे तिकडचा, महाराष्ट्रातला. इथे राहणारी आमच्यासारखी माणसं महिने मोजताना अजून तेच शब्द वापरतात.

उज्ज्वला वानखेडे माझ्या फ्लॅटमधल्या दुसऱ्या खोलीत राहायची. मूळची नागपूरची, शिक्षण अन्नतंत्रज्ञानाचं. आंग मो किओच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या लॅबमध्ये ती पेयांसाठी वास तयार करायची. लिचीचा थेंबही नसलेल्या सरबताला लिचीचा वास द्यायचा, हे तिचं काम. नऊ वर्षं ती ते करत होती. संध्याकाळी ती दारात आली की सध्या कोणतं फळ चालू आहे ते तिच्या केसांवरून कळायचं. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. मला ताई म्हणायची आणि माझा डाळीतला मसाला वासावरून सुधारायची.

सात वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये कंपनीने लॅब दुसऱ्या देशात हलवायचं ठरवलं. उज्ज्वलाची नोकरी सप्टेंबरअखेर संपणार होती, आणि नोकरीला बांधलेला वर्क पासही. नवीन नोकरी मिळाली आणि नव्या मालकाने पाससाठी अर्ज केला तर राहता येणार होतं, नाहीतर परत. तिला राहायचं होतं. का, हे तिने एकदाच सांगितलं, तेही भांडी घासताना.

"तिकडे माझ्या नाकाला काम नाही, ताई. तिकडे मी कोणाची तरी मुलगी आणि कोणाची तरी बहीण. इथे निदान लिचीवाली आहे."

ऑगस्ट लागला तेव्हा तिला मिस्टर लिम भेटले. रॅफल्स प्लेसच्या उंच बँकांच्या मागे एका गल्लीत त्यांचं दुकान आहे. ते फक्त ऱ्होनकाठची वाईन आणत, आणि त्यातही मुख्य कॉर्नास. रेस्टॉरंटांना सल्ला देणारं माणूस त्यांना हवं होतं: कोणती बाटली आत्ता उघडायची, कोणती ठेवून द्यायची. उज्ज्वलाच्या नाकाबद्दल त्यांनी ऐकलं होतं. अट एकच, सप्टेंबरच्या मध्यावर सहा ग्लासांची चाचणी. लेबलं झाकलेली. नाव ओळखायचं, गुण लिहायचे, सल्ला द्यायचा.

"फर्स्ट यू टेस्ट, देन आय अप्लाय," ते इथल्या बोली इंग्रजीत, शेवटी 'ला' जोडून, म्हणाले होते. "सिंपल, ला."

अडचण वेगळीच होती. आम्ही दोघी बौद्ध घरांतल्या. इथल्या एका हॉलमध्ये रविवारी वंदनेला जायचो, आणि पंचशीलातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं आहे. उज्ज्वलाने त्यावर दोन दिवस विचार केला. वाईन चाखणारे लोक घोट तोंडात फिरवतात आणि थुंकतात, गिळत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. लॅबमध्येही ती तेच करायची. तिने आईला फोन लावला, स्पीकरवर.

"आई, मी चव घेणार, पिणार नाही. सगळं थुंकून टाकायचं असतं."

पलीकडून आवाज आला, "एवढं शिकवलं ते थुंकायला?"

"थुंकायचेच पैसे देतात गं."

"घे बाई चव. पण बाबांना मी सांगणार नाही. तू सांग, तोंड नीट पुसून."

तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर थुंकण्यासाठी एक स्टीलचा डबा आला. माझी शिफ्ट दुपारी संपायची, ती सहापर्यंत घरी यायची. दुकानात ग्राहकांसाठी उघडलेल्या बाटल्यांतलं उरलेलं लिम तिला छोट्या बाटल्यांत भरून द्यायचे. सहा ते साडेसात आमचा वर्ग चाले. मी प्रश्न विचारणारी, ती उत्तर देणारी. तिची खात्री व्हावी म्हणून प्रत्येक घोट मीही घ्यायचे आणि डब्यात सोडायचे. बाहेर अकराव्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये कोणाची तरी सायकल घासत जायची, खाली खेळाच्या मैदानात मुलं ओरडायची, आणि आम्ही एका परक्या गावाचा स्वभाव शिकत असायचो.

तो स्वभाव असा. गाव लहान. एक चर्च, त्याचा टोकदार मनोरा, दगडी घरं, आणि घरांच्या पाठीला लागूनच चढ. डोंगर अर्धवर्तुळात वळलेला, तोंड सकाळच्या उन्हाकडे. त्या खोऱ्यात उत्तरेचा वारा दिवसचे दिवस वाहतो, पण इथे तो डोंगराआड अडतो, म्हणून ऊन साठून राहतं आणि द्राक्षं शेजारच्या गावांआधी पिकतात. गावाच्या नावाचा अर्थ एका जुन्या भाषेत 'जळलेली जमीन' असा होतो म्हणतात. पक्का पुरावा मला सापडला नाही. दगड ग्रॅनाइटचा, वरची माती भुसभुशीत. चढ इतका की बऱ्याच ठिकाणी यंत्र चालत नाही. ताली रचून पायऱ्या केलेल्या, त्यावर वेली, वेलींना खुंटांचा आधार. पाऊस माती खाली आणतो, माणसं ती पुन्हा वर नेतात.

द्राक्ष एकच, सिरा. रंग एकच, लाल. नदीच्या वरच्या अंगाची गावं थोडी पांढरी वाईनही करतात. कॉर्नासच्या नावाखाली दुसरं काही विकायला परवानगीच नाही.

"हट्टी गाव आहे," उज्ज्वला म्हणाली होती. "आमच्या मामासारखं. एकच शर्ट, एकच मत."

अभ्यासासाठी तिने आणलेल्या पुस्तकात आणखी एक गोष्ट होती, जी परीक्षेला येणार नव्हती पण आम्ही दोनदा वाचली. मागच्या शतकाच्या मध्यात ही वाईन फारशी कोणी विचारत नसे. ताली ढासळल्या, वरचे मळे रानात गेले. तरुण माणसं नदीपलीकडच्या वालाँस शहरात कामाला लागली आणि शहरातल्या लोकांची घरं गावच्या जमिनीवर उठू लागली. काही कुटुंबं तरीही उतारावर राहिली. ती का राहिली, याचं समाधानकारक उत्तर पुस्तकात नव्हतं. उज्ज्वलाने पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं: राहणाऱ्यांना विचारलंच नसेल.

वासात ती कधी चुकली नाही. ग्लास नाकाशी नेऊन डोळे मिटायची आणि सावकाश म्हणायची, "मिरी. काळं ऑलिव्ह. धुरावर धरलेलं मांस. जांभळाची साल. आणि व्हायोलेट."

"व्हायोलेट पाहिलंयस कधी?"

"फूल नाही पाहिलं. लॅबमध्ये त्याची बाटली आहे."

एकदा माझ्याकडून दोन ग्लासांची अदलाबदल झाली. मी कॉर्नास म्हणून जे पुढे केलं ते शेजारच्या गावचं होतं. ती वास घेऊन म्हणाली, "ताई, तुमच्या ऑफिसात अशीच बातमी छापता का?" मी दोन्ही लेबलं पुन्हा पाहिली. उज्ज्वलाचं बरोबर होतं.

प्रश्न आला तो चवीचा. चाचणीच्या कागदावर तुरटपणासाठी, ज्याला ते टॅनिन म्हणतात, पाच चौकोन होते, अगदी कमी ते जास्त. सगळी पुस्तकं एका सुरात सांगत होती की कोवळी कॉर्नास कठोर असते, तोंड कोरडं करते, दहा वर्षं ठेवावी मग ती बोलू लागते. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी उज्ज्वलाने दोन वर्षांच्या कोवळ्या कॉर्नासचा घोट तोंडात फिरवला, डब्यात सोडला आणि पेन्सिल तशीच धरून बसली.

"पुस्तक म्हणतं जास्त. मला मध्यम वाटतंय. रोजच मध्यम वाटतंय. काय लिहू?"

मी घोट घेतला. गालांच्या आत थोडं ओढल्यासारखं झालं, हिरड्यांवर हलकी पकड, आणि मग ती सुटली. चांगलं लागत होतं. "मलाही मध्यमच," मी म्हटलं.

"मग पुस्तक?"

"पुस्तक जुनं आहे. आता करण्याची पद्धत बदलली असेल. दोघींना स्वतंत्रपणे तेच वाटतंय ना? मग जे जिभेवर आहे ते लिही. ऐकीव लिहू नकोस."

बातमीच्या धंद्यात हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. एका सूत्राने सांगितलं तर थांबा, दोन स्वतंत्र सूत्रांनी सांगितलं तर छापा. मी हा नियम वीस वर्षं पाळत आले होते आणि त्या संध्याकाळीही पाळला. उज्ज्वलाचा चेहरा मोकळा झाला. तिलाही लॅबमध्ये हेच शिकवलं होतं, अपेक्षित लिहायचं नाही, आढळलं ते लिहायचं.

चाचणीत काय झालं ते तिने घरी येऊन क्रमाने सांगितलं. सहापैकी पाच ग्लास निर्विवाद. सहावा कॉर्नास, तोही तिने पहिल्या वासात ओळखला, गावाचं नाव लिहिलं, वर्षही बरोबर. तुरटपणा: मध्यम. ग्राहकाला सल्ला: आत्ता उघडायला हरकत नाही, आज रात्रीच्या जेवणाबरोबर द्यावी.

मिस्टर लिमनी कागद दोनदा वाचला. मग तोच ग्लास दुकानातल्या विक्रेत्या मुलीपुढे सरकवला. तिने घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "वा, सो ड्राय, सिया. माय टंग लाइक सँडपेपर." दुकानातल्या बाकी दोघांचंही तेच मत पडलं.

लिम रागावले नाहीत. ते म्हणाले, "नेम करेक्ट. बट यू टेल माय कस्टमर ओपन टुनाइट? ही विल स्कोल्ड मी टेन इयर्स, यू नो." आणि थोड्या वेळाने, "यू नो द व्हिलेज. द वाईन, यू डोन्ट नो."

तिने वाद घातला नाही. कसा घालणार, तिला स्वतःलाच कळत नव्हतं की चूक कुठे झाली.

ते दुसऱ्या दिवशी कळलं. रविवार होता. वंदनेहून येताना आम्ही लिटल इंडियातून आवळे आणले होते, नेहमीप्रमाणे. उज्ज्वला ते चिरून, मीठ लावून ताटलीत मांडत होती. समोरच्या फ्लॅटमधल्या आंटी मेई मूनकेक द्यायला आल्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या, दरवर्षी आणून द्यायच्या. रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून उज्ज्वलाने ताटली पुढे केली. आंटींनी एक फोड तोंडात टाकली. चावली. आणि दोन्ही हातांनी गाल धरले.

"आयो! हाऊ कॅन ईट? माय होल माउथ क्लोज्ड ऑलरेडी!"

त्या दोन ग्लास पाणी प्यायल्या, त्यांनी फोड कागदी रुमालात गुंडाळली, आणि हसत हसत, "यू टू आर नॉट नॉर्मल, ला," म्हणत गेल्या.

दार लागलं. उज्ज्वला फोड तोंडात तशीच धरून उभी होती.

"ताई, हा आवळा किती तुरट आहे?"

मी एक फोड खाल्ली. विचार केला. "मध्यम," मी म्हणाले.

उज्ज्वलाने ताटली टेबलावर ठेवली.

नागपूरच्या शाळेबाहेर तिने कच्ची बोरं, टेंभरं आणि आवळे मीठ लावून खाल्ले होते. साताऱ्यात मी कच्ची करवंदं, जांभळं, जेवणानंतरची सुपारी. तोंड आवळून घेणं हा आमच्याकडे खाण्याचा दोष नाही, मजा आहे. तुरट ही आम्हाला लहानपणापासून एक चव म्हणूनच माहीत होती, कडू आणि तिखटाच्या शेजारी बसणारी. तिच्या जाण्याची कोणी वाट पाहत नाही. ज्या कठोरपणासाठी त्या गावची बाटली दहा वर्षं तळघरात ठेवतात, तो आमच्या जिभेला कठोर वाटलाच नव्हता.

"तू आणि मी म्हणजे एकच साक्षीदार," उज्ज्वला म्हणाली. "दोनदा उभा केलेला." आणि मग ती हसली. बराच वेळ हसली. मला हसू आलं नाही. नियमातला महत्त्वाचा शब्द 'दोन' नव्हता, 'स्वतंत्र' होता, आणि तो तपासणं हे माझं रोजचं काम होतं.

मी म्हटलं, उद्या लिमना भेटून समजावते.

"काय समजावणार? की आमची जीभ चामड्याची आहे?"

"की तू चुकली नाहीस. मोजपट्टी वेगळी होती."

"ताई, गिऱ्हाइकाच्या तोंडात गिऱ्हाइकाची जीभ असते. त्याला कोरडं लागतंय ते ओळखायलाच तर तो मला ठेवणार होता." तिने उरलेल्या फोडी बरणीत भरल्या. "लिमचं बरोबर आहे. तेच वाईट वाटतंय."

मी गेले नाही. ती म्हणाली म्हणून गेले नाही, की मला तिथे जाऊन 'हा सल्ला माझा होता' हे सांगायचं नव्हतं म्हणून, हे मी तेव्हा तपासलं नाही. आता तपासलं तर दुसरं जास्त खरं वाटतं.

उरलेल्या दिवसांत तिने बारा ठिकाणी अर्ज केले. सप्टेंबर संपला. चांगी विमानतळावर तिच्या दोन बॅगा वजनात बसल्या. तिसरीतली पुस्तकं तिने माझ्याकडे ठेवली आणि म्हणाली, "ताई, डाळीत हिंग आधी घाल." मग ती काचेच्या दारापलीकडे गेली. मी पिलरपाशी थांबून रांग पुढे सरकताना पाहिली. ती नेमकी कधी दिसेनाशी झाली ते सांगता येणार नाही, तेव्हा एका कुटुंबाने मला त्यांचा फोटो काढायला सांगितलं होतं.

ती नागपूरला एका कॉलेजात शिकवते. पहिल्या वर्षी आठवड्याला फोन, मग महिन्याला, आता सणाला संदेश. भांडण नाही, अंतर आहे. तिच्या खोलीत नंतर दोन भाडेकरू आले आणि गेले. सध्या ती रिकामी आहे. मी तिथे कपडे वाळत घालते.

एका माणसाच्या घरात काही गोष्टी आपोआप बंद होतात. लिटल इंडियात आवळे पाव किलोच्या खाली देत नाहीत, आणि पाव किलो मला संपत नव्हते. दोनदा फेकले, मग आणणं सोडलं. सुपारीही सुटली. सकाळी कंडेन्स्ड मिल्क घातलेली कोपी, म्हणजे इथली कॉफी, दुपारी रॅफल्स प्लेसच्या हॉकर सेंटरमध्ये, स्वस्त जेवणाच्या गाळ्यांवर, भात, संध्याकाळी तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये नूडल्स. गोड, खारट, तिखट. आंटी मेई मुलीकडे राहायला गेल्या. वंदनेला मी जाते, शेवटच्या रांगेत बसते. माझा पास वेळेवर नवा होत गेला. राहायचं तिला होतं, राहिले मी. कोणी कारण विचारलं तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, आणि कोणी विचारतही नाही.

उज्ज्वलाने अभ्यासाचे कागद छापून आणायला लिमना माझ्या ईमेलचा पत्ता दिला होता. त्यामुळे ईमेलं मला येत राहिली. यंदाच्या ईमेलात खाली एक ओळ होती: शनिवारी दुपारी दुकानात नव्या बाटल्यांची चव, सर्वांना खुली. शनिवार रिकामा होता. सात वर्षांत पहिल्यांदा गेले.

लिम म्हातारे झाले आहेत. मागे खुर्चीत बसून होते, त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखायचं कारणही नव्हतं, आम्ही कधी भेटलोच नव्हतो. काउंटरवर एक नवी विक्रेती मुलगी होती. तिने मला एक ग्लास, थुंकण्यासाठी एक कागदी पेला आणि पाच चौकोनांचा छापील कागद दिला. कॉर्नास, दोन वर्षांची, कोवळी. ग्राहकांनी गंमत म्हणून गुण भरायचे होते.

वास तोच होता. मिरी, ऑलिव्ह, जांभळाची साल. मी घोट घेतला आणि तोंडात फिरवला.

गाल आतून ओढले गेले. जीभ टाळूला चिकटली. हिरड्या कोरड्या पडल्या आणि ती पकड सुटेना. मी घोट पेल्यात सोडला, पाणी मागितलं, थोडं थांबून दुसरा घोट घेतला. तेच. वाईन बदलली असेल, अशी एक शक्यता होती. शेजारी उभे असलेले दोन स्थानिक गृहस्थ तोंडं वाकडी करून एकमेकांशी हसत होते. तिघांचं एकमत होत होतं.

जे जिभेवर होतं ते मी लिहिलं. शेवटचा चौकोन: जास्त. खाली, सल्ला: दहा वर्षं ठेवावी.

मुलीने कागद पाहिला. "वा, करेक्ट!" ती म्हणाली. "यू व्हेरी गुड, आंटी. लाइक लोकल."

उज्ज्वलाला हे अजून कळवलेलं नाही.